धाग्याची वाट धरून

घरातल्या पेटीतून जुनी लेस निघाली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. किती जुनी असेल? आणि किंमत किती येईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं सरळ हाती लागत नाहीत. त्याआधी एक तिसरा प्रश्न सोडवावा लागतो: ही केली कशी? सुईने, रिळांवर, क्रोशाच्या आकड्याने, की यंत्रावर? धागा कुठून निघाला, कुठे वळला, कशात अडकला आणि कुठे संपला, हे एकदा डोळ्यांना दिसलं की काळ, प्रदेश आणि मोल या गोष्टी आपोआप पुढे येऊ लागतात. ते न बघता नुसतं नाव शोधत बसलं, तर पुस्तकांतली चित्रं एकमेकांत मिसळून जातात आणि हातातली प्रत्येक लेस ब्रसेल्सची वाटायला लागते.

आपल्या घरांत लेस अनेक वाटांनी आली. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याचा झगा, नवरीची जाळीदार ओढणी, वेदीवरचं वस्त्र अशा रूपांत ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते. 1900च्या आगेमागे काढलेले फोटो पाहिले, तर मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतल्या बायकांच्या पोलक्यांना गळ्याशी आणि बाहीला लेस लावलेली दिसते. ती पोलकी केव्हाच विरून गेली, पण लेस मात्र उसवून, गुंडाळून, एखाद्या डब्यात ठेवलेली सापडते. क्रोशाचे रुमाल, टेबलक्लॉथ आणि दारावरची तोरणं तर जवळपास प्रत्येक घरात होती. हे सगळं एका जातीचं नाही, आणि म्हणूनच ओळखायला शिकण्यात मजा आहे.

सामग्री फार लागत नाही. एक काळं किंवा गडद निळं, बिनछापाचं सुती कापड घ्या. दिवसाचा उजेड असलेल्या खिडकीशी बसा, पण लेसवर ऊन पडू देऊ नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसलं. ते नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघता येतो. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण बारीक जाळीत अंगठीचं कोंदण अडकलं की शंभर वर्षांचं काम एका झटक्यात फाटतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बघून होईपर्यंत लेस धुवायची नाही. मळ, डाग, जुना टाका, उसवल्याची खूण, हा सगळा पुरावा आहे.

क्रोशा

सुरुवात क्रोशापासून करावी, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. क्रोशात एकच धागा असतो आणि टोकाला आकडा असलेली एकच सुई. साखळी घालायची, त्या साखळीत खांब उभे करायचे, खांबांच्या मधे पुन्हा साखळी. भिंगाखाली पाहिलं की सगळं काम फासांचं बनलेलं दिसतं, प्रत्येक फास आधीच्या फासातून बाहेर आलेला. भरीव भागात खांबांच्या माना पिळलेल्या आणि डोक्यावर आडवी साखळी, हे एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. क्रोशाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: कारखान्यातली यंत्रं क्रोशासारखं दिसणारं कापड काढतात, पण खरा क्रोशा अजूनही हातानेच होतो. त्यामुळे तुमच्या हातातला तुकडा खरोखर क्रोशाचा ठरला, तर कुणातरी माणसाने तो बसून केला आहे यात शंका उरत नाही.

क्रोशाच्या लेसचा सर्वांत देखणा अवतार आयर्लंडमधला. 1845नंतर तिथे बटाट्याचं पीक सडून भीषण दुष्काळ पडला. त्या काळात जोगिणींच्या मठांनी आणि काही जमीनदारांच्या घरातल्या स्त्रियांनी गरीब बायकांना क्रोशा शिकवला. नमुना समोर होता तो सतराव्या शतकातल्या व्हेनिसच्या महागड्या, उठावदार लेसचा. सुईने जे करायला महिने लागत, ते आयरिश बायका आकड्याने कितीतरी लवकर करू लागल्या. गुलाब, पानं, द्राक्षाचे घोस वेगवेगळे करायचे, जाड दोरा आत धरून त्यांना फुगवटा द्यायचा, आणि शेवटी सगळे तुकडे साखळीच्या जाळीने जोडायचे. त्या विक्रीवर अनेक कुटुंबं तगली. तुमच्या तुकड्यात फुलांच्या पाकळ्या एकावर एक चढलेल्या असतील आणि मधल्या जाळीत लहान-लहान गाठी असतील, तर तो या आयरिश घराण्याचा किंवा त्याच्या नकलेचा आहे असं समजावं.

सुईची लेस

लेसमधलं सर्वांत अवघड काम सुईचं. गंमत अशी की त्यातला मुख्य टाका आपल्याला माहीत असतो. शर्टाच्या काजाला घालतात तोच, काजाचा टाका. फरक एवढाच की इथे खाली कापड नाही. चामड्याच्या पातळ पट्टीवर किंवा कागदावर नक्षी काढतात, तिच्याखाली कापडाचे दोन पदर घेतात आणि नक्षीच्या रेषांवर जाडसर धागा ठेवून तो बारीक टाक्यांनी खाली पक्का करतात. पुढचं सगळं काम या धाग्यांच्या आधाराने चालतं. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत काजाच्या टाक्यांच्या ओळी भरत जायच्या, कुठे दाट, कुठे विरळ. सुई खालच्या कापडाला स्पर्शही करत नाही. शेवटी कापडाच्या दोन पदरांच्या मधून पातळ पातं फिरवून ते पक्के करणारे टाके कापतात, आणि लेस सुटी होऊन हातात येते.

भिंगातून काय दिसतं? भरीव भागात विणलेल्या कापडाचा उभा-आडवा मेळ नसतो, तर ओळीने बसलेले छोटे फास असतात, प्रत्येक फास वरच्या ओळीतल्या फासात अडकवलेला. नक्षीची कड बहुधा उचललेली असते. त्या कडेवरही काजाचे टाके इतके दाट बसवलेले असतात की बोटाने चाचपलं तर दोरी लागते. हे दिसलं, तर थोडं थांबा. तुमच्या हातात बरंच मोलाचं काही असण्याची शक्यता आहे.

सुईच्या लेसचं माहेर इटली. सोळाव्या शतकात तिथे कापडातले धागे कापून-ओढून जाळी करण्याचं काम भरात होतं. हळूहळू कापड कमी होत गेलं आणि शेवटी उरली फक्त टाक्यांची नक्षी. सतराव्या शतकात व्हेनिसची जाड, उठावाची लेस युरोपभरच्या दरबारांत गेली. फ्रान्समधून त्यापायी इतका पैसा बाहेर जाऊ लागला, की चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1665मध्ये देशातच राजाश्रयाने लेसचं उत्पादन सुरू केलं आणि व्हेनिसहून कारागीर बायका आणवल्या. त्यातून नॉर्मंडीतल्या आलाँसाँ गावची लेस नावारूपाला आली. आलाँसाँच्या कामात काही ठिकाणी कडेच्या टाक्यांच्या आत घोड्याचा केस घालत, म्हणजे काठाच्या लहान लाटा ताठ उभ्या राहत. 2010मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या नोंदीप्रमाणे एक चौरस सेंटिमीटर लेस व्हायला सात तास लागतात, आणि ही कला पूर्ण शिकायला सात ते दहा वर्षं. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसाचं काम. मला तरी या आकड्यापुढे बाजारातला कुठलाही भाव तोकडा वाटतो.

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर ही कला जवळपास मेलीच होती. 1872च्या कडक हिवाळ्यात खाडी गोठली, कोळ्यांची उपासमार होऊ लागली, तेव्हा बायकांना रोजगार देण्यासाठी लेसची शाळा काढायचं ठरलं. पण शिकवणार कोण? जुना टाका नीट जाणणारी एकच म्हातारी उरली होती, लोक तिला चेंचा स्कार्पारिओला म्हणत. शाळेतल्या शिक्षिकेने तिच्याशेजारी बसून, तिचे हात बघत तो टाका शिकून घेतला आणि मुलींना शिकवला. एका बाईच्या बोटांत उरलेली कला त्या शाळेने पुन्हा शेकडो मुलींच्या हातात दिली. आज बुरानोची लेस म्हणून जे ओळखलं जातं, ते सगळं या एका धाग्यावर लटकलेलं होतं.

रिळांची लेस

दुसरं मोठं घराणं रिळांच्या लेसचं. इथे सुई नाही, टाकाही नाही. घट्ट भरलेल्या उशीवर भोकं पाडलेला नक्षीचा जाड कागद लावतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या बारीक दांडीवर धागा गुंडाळलेला असतो, ही रिळं जोडीजोडीने लोंबत असतात. कामात हालचाली फक्त दोन: एक धागा दुसऱ्यावरून नेणं आणि दोघांना पीळ देणं. वेणी घालतानाच्या हालचालीच या, फक्त पेड तीन नसून पन्नास, शंभर किंवा कित्येक शे. प्रत्येक वळणावर टाचणी टोचून धागा जागच्या जागी धरतात, आणि काम पुढे सरकलं की मागच्या टाचण्या काढून पुढे लावतात. योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराने 1670च्या सुमारास रंगवलेलं ‘लेस करणारी’ हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उंची जेमतेम 24 सेंटिमीटर. त्यात उशीवर वाकलेली मुलगी दोन बोटांत रिळं धरून बसली आहे, आणि तिच्या नजरेतली एकाग्रता पाहिली की या कामाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

रिळांच्या लेसची खूण अशी: भरीव भाग साध्या विणलेल्या कापडासारखा दिसतो, एक धागा वर, एक खाली. फास कुठेही नाहीत. मग जाळी बघा, कारण प्रांताचं नाव बहुतेक वेळा जाळीच सांगते. व्हालाँसिएनच्या जाळीत घराची प्रत्येक बाजू चार धाग्यांनी विणलेली असते, म्हणून ती मजबूत आणि स्वच्छ दिसते. नक्षीभोवती जाड धागा नसतो, पण कडेने बारीक छिद्रांची रांग असते. मेखलेनच्या लेसमध्ये नक्षीभोवती चकचकीत जाडसर धागा फिरवलेला असतो, आणि जाळीच्या षटकोनातल्या दोनच आखूड बाजू विणलेल्या असतात, उरलेल्या चार नुसत्या पिळलेल्या. शाँतिईची लेस बहुधा काळ्या रेशमाची, सावल्यांनी रंगवल्यासारखी. 1850-60च्या दशकांत फुगीर घागऱ्यांवरून तिच्या मोठ्या त्रिकोणी शाली मिरवल्या जात. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातली होनिटनची लेस वेगळ्या पद्धतीची, आधी फुलं-पानं सुटी करायची आणि मग जोडायची. 1840मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या पोशाखासाठी तीच वापरली आणि पुढच्या वर्षी झालेल्या तिच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा झगाही होनिटनच्या लेसचाच. तो झगा राजघराण्यातल्या मुलांनी 2004पर्यंत वापरला. फारच नाजूक झाल्यावर 2008पासून त्याची हुबेहूब नक्कल वापरतात. बाप्तिस्म्याचा एकच झगा घरातल्या सगळ्या बाळांना घालण्याची रीत वसईच्या घरांतही आहे, त्यामुळे ही गोष्ट तिथल्या वाचकांना परकी वाटणार नाही.

यंत्र आणि हात

माझ्या टेबलावर दोन पट्ट्या नेहमी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्ही पांढऱ्या, दोन बोटं रुंद, दोन्हींवर तीच पाच पाकळ्यांची फुलं. हातभर अंतरावरून फरक कळत नाही. भिंग लावलं की पहिल्या पट्टीत फुलाचा धागा पाकळीतून निघून जाळीत शिरतो, पुढच्या फुलापर्यंत चालत जातो आणि तिथे पुन्हा पाकळी भरायला लागतो. बोटाने दाखवता यावी इतकी त्याची वाट स्पष्ट आहे. एका पाकळीत धागे थोडे दाट बसले आहेत, तिसऱ्या फुलात एक छिद्र मोठं पडलं आहे. दुसऱ्या पट्टीत फुलाच्या भरीव भागात उभ्या बारीक रेघा दिसतात, आणि त्या रेघा फुलात थांबत नाहीत, जाळीतून सरळ वरपासून खालपर्यंत जातात. फुलाच्या कडेला धागे तुटक, कात्रीने कापल्यासारखे पिंजारलेले. काठाचे इवले फास वेगळ्या पट्टीवर करून मागाहून शिवलेले. एक छिद्र मोठं पडलं असेल, तर तेच छिद्र दर फुलात त्याच जागी मोठं. पहिली पट्टी हाताची, दुसरी यंत्राची.

हे यंत्र आलं ते इंग्लंडात. जॉन हीथकोट याने 1808 आणि 1809मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्रांची पेटंटं घेतली. षटकोनी जाळी, जी बायका रिळांवर इंचाइंचाने करत, ती आता वारांनी निघू लागली. जून 1816मध्ये लफबरो गावातल्या त्याच्या कारखान्यात रात्री घुसून यंत्रविरोधी कामगारांनी 55 यंत्रं फोडली. हीथकोट तिथे थांबला नाही, डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावी गेला आणि त्याच्या मागोमाग त्याचे बरेच कामगारही चालत तिथे गेले. नॉटिंगहॅमच्या जॉन लिव्हर्सने 1813च्या सुमारास या यंत्रात सुधारणा केली. पुढे छिद्रांच्या पत्त्यांनी नक्षी काढणारी जॅकार्डची पद्धत त्याला जोडली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हालाँसिएन, शाँतिई, मेखलेन अशा सगळ्यांच्या नकला यंत्रावर होऊ लागल्या. फ्रान्समध्ये कॅले आणि कोद्रीच्या परिसरात लिव्हर्सची जुनी यंत्रं आजही चालतात.

1880च्या दशकात आणखी एक युक्ती निघाली: विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करायचं आणि मग रसायनाने खालचं कापड नाहीसं करायचं. ही लेस आयरिश क्रोशाची आणि व्हेनिसच्या उठावदार कामाची नक्कल बऱ्यापैकी करते. पण भिंगाखाली काजाचा टाकाही नाही, क्रोशाचा फासही नाही. नुसते इकडून तिकडे धावणारे भरतकामाचे टाके दिसतात, आणि कडेला केसाळपणा. सर्वांत फसवं यंत्र मात्र जर्मनीतल्या बार्मेनचं. ते धागे खरोखरच रिळांप्रमाणे एकमेकांवरून नेतं, त्यामुळे त्याच्या अरुंद किनारी जाणकारालाही विचार करायला लावतात. तिथे एकच उपाय: हातभर लांबी नीट बघायची. हाताच्या कामात ताण कुठेतरी बदलतोच, यंत्राच्या कामात कधीच बदलत नाही.

यंत्राचं आणि हाताचं काम एकाच तुकड्यात असणं फार सामान्य आहे, आणि घरांत सापडणाऱ्या ओढण्यांत तर बहुधा हेच निघतं. जाळी यंत्राची, नक्षी हाताची. आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये 1829मध्ये चार्ल्स वॉकर याने सुरू केलेलं काम असंच, जाळीवर आकड्याच्या सुईने साखळी टाका. आपल्याकडे आरीकामात असतो तोच हा टाका, म्हणून तो ओळखायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही. कॅरिकमॅक्रॉस गावच्या कामात जाळीवर तलम मलमल ठेवून, नक्षीच्या रेषेवर दोरा टाचून, बाहेरची मलमल कापून टाकतात. ब्रसेल्समध्ये रिळांवर किंवा सुईने केलेली फुलं यंत्राच्या जाळीवर शिवत. अशा तुकड्याला ‘अर्धी नकली’ म्हणू नका. त्या बायकांनी यंत्राशी तडजोड करून आपलं काम टिकवलं, आणि त्यातलं कितीतरी काम अप्रतिम आहे. संपूर्ण यंत्राची लेसही टाकाऊ नसते. 1860ची यंत्रावरची शाल आज स्वतःच जुन्या तंत्राचा नमुना आहे.

वय

आता वयाचा प्रश्न. काही सीमा पक्क्या आहेत. यंत्राची, पिळलेल्या धाग्यांची षटकोनी जाळी असेल, तर तुकडा 1809च्या आधीचा जवळजवळ नसतोच. धागा जवसाच्या खोडापासून काढलेल्या लिननचा असेल, तर स्पर्शाला थंड, गुळगुळीत, किंचित चमकदार लागतो. सुताचा असेल, तर केसाळ आणि मऊ. 1830नंतर लेसमध्ये लिननची जागा सुताने भराभर घेतली, त्यामुळे बारीक लिननचा धागा जुनेपणाच्या बाजूने साक्ष देतो, निर्णय देत नाही. नायलॉन असेल तर 1940नंतरचं. धागा जाळून वास बघण्याचा सल्ला बरेचजण देतात, पण तो पाळू नये. वारसा जाळून त्याचं वय काढण्यात शहाणपण नाही.

पिवळा रंग हा जुनेपणाचा पुरावा मानू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी लेस मिरवायची इतकी हौस होती, की बायका नवी लेस चहात किंवा कॉफीत बुडवून पिवळी करत. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात लावून पाहिला, तर काही तुकडे निळसर चमकतात. ती चमक कपडे शुभ्र करणाऱ्या रसायनाची, जी साबणाच्या पुडीतूनही येते. म्हणजे चमक दिसली तर एवढंच कळतं की कुणीतरी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ती धुतली. चमक नसेल तर मात्र तुकडा बऱ्याच काळापासून जसाच्या तसा राहिला असण्याची शक्यता वाढते.

लेस आणि ती ज्या कपड्यावर आहे तो कपडा, या दोघांचं वय एक धरू नका. जुन्या काळी लेस कपड्यापेक्षा महाग असे, आणि ती एकावरून उसवून दुसऱ्यावर लावली जाई. 1920च्या झग्यावर 1820ची किनार असू शकते. म्हणून कड उलटून बघा. जुन्या टाक्यांची भोकं, वेगळ्या रंगाचा दोरा, मधेच जोडलेली लांबी दिसली, तर ती लेस एकापेक्षा जास्त बायकांनी वापरली आहे. घरातल्या आठवणी बहुतेक वेळा लेसला एक पिढी जास्त जुनी करतात. पणजीची म्हणून सांगितलेली वस्तू आजीची निघते. त्याने वस्तूचं काही बिघडत नाही.

आपल्या देशात

भारतात लेस आली ती मुख्यतः मिशनच्या शाळांतून. 1820च्या सुमारास दक्षिणेत नागरकोइलला लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी मुलींच्या शाळेत लेस शिकवायला सुरुवात केली. त्यांची मुलगी एलायझा हिचं लग्न रॉबर्ट कॉल्डवेल यांच्याशी झालं, तमिळचे मोठे अभ्यासक तेच. एलायझाने तिरुनेलवेलीकडे इडैयनगुडी गावात हे काम नेलं. आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूर परिसरात हेच काम क्रोशाच्या रूपात रुजलं आणि तिथून टेबलक्लॉथ, रुमाल, किनारी परदेशी जाऊ लागल्या. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982मध्ये नरसापूरच्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की या बायका दिवसाचे कित्येक तास निर्यातीसाठी काम करत, पण त्यांना कामगार कुणीच मानत नव्हतं. घरी बसलेल्या गृहिणी रिकाम्या वेळात काहीतरी करतात, एवढीच त्यांची नोंद, आणि मजुरीही तशीच. तुमच्या घरातला पांढरा क्रोशाचा टेबलक्लॉथ जर विकत आणलेला असेल, तर तो नरसापूरचा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याच्या प्रत्येक खांबामागे अशी एक बाई आहे.

आता किमतीचा प्रश्न. तो विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: बहुतेक जुन्या लेसला बाजारात फारसा भाव येत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातलं सुईचं उत्तम काम, मोठी चांगल्या स्थितीतली शाल, कागदपत्रांनी सिद्ध झालेला इतिहास, एवढ्याच बाबतीत ती मोठी रक्कम मिळवते. तुकडा अशा दर्जाचा वाटला, तर विकण्याआधी वस्त्रांचा विभाग असलेल्या संग्रहालयातल्या माणसाला दाखवा. पण विकण्यासाठी लेसचं वय काढायचं असेल, तर माझ्या मते मूळ गोष्टच निसटते. हाताने केलेला लेसचा तुकडा म्हणजे कुणाच्या तरी बोटांनी चाललेली वाट, आणि ती आपण अजून वाचू शकतो.

जपणूक साधी असते, पण आपल्या हवेत ती चुकवून चालत नाही. लोखंडी ट्रंक, टाचण्या, सेफ्टी पिना गंजतात, आणि गंजाचा डाग जवळजवळ जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते आणि बुरशी चढते. खळ घालू नका, खळीला कसर लागते. नीळ आणि ब्लीच अजिबात नको. इस्त्री नको, उठावदार काम तिच्याखाली चपटं होतं. डांबराची गोळी थेट लेसवर ठेवू नका. वेखंड ठेवायचं तर वेगळ्या पुरचुंडीत. घडी घातली की घडीवर धागे तुटतात, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेली, बिनखळीची मलमल गुंडाळून तिच्यावर लेस गुंडाळा आणि वरून पुन्हा मलमल. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सावलीत उघडून बघा आणि नव्याने गुंडाळा. काळ्या रेशमी लेसला अधिक जपा. जुन्या काळ्या रंगात लोहाचे क्षार असत, ते रेशीम आतून खात जातात, आणि अशी लेस हाताळतानाच विरते. धुणं अगदी गरजेचं असेल, तर लेस पांढऱ्या जाळीच्या पिशवीत ठेवून, ऊर्ध्वपातित पाण्यात सपाट भिजवून, न पिळता टॉवेलवर पसरून वाळवा. फाटकी, फार जुनी किंवा काळी लेस मात्र जाणकाराकडेच द्या.

आणखी एक काम आहे, आणि ते या आठवड्यात करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला ही लेस दाखवा. कुणाची होती, कुणी केली की कुठून आणली, कोणत्या कार्यात घातली, कोणत्या कपड्यावरून उसवली, हे विचारा आणि तिच्या शब्दांत लिहून घ्या. खाली तुमची स्वतःची नोंद घाला: रुंदी, लांबी, धागा कसला, काम सुईचं की रिळांचं की क्रोशाचं की यंत्राचं, आणि तुम्ही ते कशावरून ठरवलं. कागद चांगला, पांढरा घ्या आणि पेन्सिलीने लिहा. शाई ओलीत पसरते आणि कापडाला लागते. कागद लेसला चिकटू न देता, मलमलीच्या बाहेरच्या घडीत ठेवा.